दुसऱ्याच्या ओट्यावरचा व्यवसाय: पर्सनल शेफचे काम कसे उभे करावे

पुण्या-मुंबईत घरी स्वयंपाकाला कोण येते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘मावशी’ असे मिळते, आणि बारसे किंवा मुंज निघाली की ‘आचारी’ असे. या दोहोंच्या मध्ये अलीकडे एक तिसरे काम उभे राहिले आहे. ठरलेल्या वारी घरी यायचे, त्या घरच्या पथ्यपाण्याप्रमाणे आणि आवडीनिवडीप्रमाणे तीन दिवस पुरेल एवढा स्वयंपाक करायचा, तो डब्यांत भरून, नावे-तारखा घालून फ्रिजमध्ये लावायचा, ओटा पुसायचा आणि निघायचे. हे काम करणाऱ्याला पर्सनल शेफ म्हणतात. हॉटेलच्या किचनमधली नोकरी सोडून मी पुण्यात हे सुरू केले, तेव्हा माझी समजूत अशी होती की हाताला चव आहे म्हणजे निम्मा व्यवसाय झाला. प्रत्यक्षात हाताची चव गृहीतच धरलेली असते. गिऱ्हाईक पैसे मोजते ते आपल्या वेळेचे, आणि त्या घराविषयी आपण लक्षात ठेवलेल्या गोष्टींचे. दर, मेनू, सामानाची पिशवी, कागदपत्रे या सगळ्यांचा विचार याच बाजूने करावा लागतो.

परक्या ओट्यावर हात बसवणे

आपल्या घरी मोहरीचा डबा डोळे मिटून सापडतो. दुसऱ्याच्या घरी तो शोधण्यात तेल धुरावते. म्हणून पहिले गिऱ्हाईक घेण्याआधी नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या निदान चार-पाच घरी, घड्याळ लावून, तेच पाच पदार्थ करून पाहावेत: एक आमटी, एक उसळ, दोन भाज्या आणि एक चटणी. प्रत्येक घरी किती वेळ लागला, कुठे अडले, शेगड्या किती आणि त्यांतली मोठी कोणती, मिक्सरचे भांडे गळके होते का, हे त्याच दिवशी वहीत उतरवावे. पहिल्या घरी चार तास लागले आणि पाचव्या घरी तीन, तर हात बसू लागला असे समजावे. पाचव्या घरीही चारच तास लागत असतील तर दोष बहुधा मेनूत असतो, हातात नसतो.

हा धडा मी उशिरा शिकलो. सुरुवातीच्या महिन्यात कोथरूडच्या एका घरी राजमा लावला आणि त्यांच्या कुकरची रिंग ढिली निघाली. वाफ कडेने निघून जात होती, शिट्टी काही होईना, आणि दीड तासाने झाकण उघडले तेव्हा दाणा बाहेरून फुटलेला आणि आतून कचकचीत. त्या दिवशी तीन तासांचे काम पाच तासांवर गेले आणि संध्याकाळचे दुसरे घर हातचे गेले. तेव्हापासून माझा पाच लिटरचा कुकर आणि त्याची एक जादा रिंग माझ्याबरोबर फिरते. पिशवीत याखेरीज एक मोठी आणि एक छोटी सुरी, सोलाणे, छोटा वजनकाटा, अन्नात खुपसून तापमान पाहण्याचा थर्मामीटर, जाड बुडाची एक कढई, स्वतःचा मिसळणाचा डबा, लायटर, दोन अ‍ॅप्रन, चार धुतलेली फडकी, कागदी टेप आणि मार्कर एवढे असावे. बाकी भांडी त्या घरचीच वापरावीत. आपले सामान जितके कमी, तितका जिना सोपा आणि निघताना काही विसरण्याची शक्यता कमी.

पहिली भेट

पहिल्या भेटीला स्वयंपाक करू नये. तासभर बसून बोलावे, स्वयंपाकघर पाहावे आणि सगळे लिहून घ्यावे. शाकाहारी की मांसाहारी एवढ्यावर हे बोलणे थांबत नाही. श्रावणात काय बंद होते, चातुर्मासात कांदा-लसूण चालतो का, घर जैन असेल तर कंदमुळे पूर्ण वर्ज्य आहेत का, मांसाहाराची भांडी वेगळी आहेत का, असे बारीक विचारावे लागते. उपवासाच्या बाबतीत तर काहीच गृहीत धरू नये. एका घरी उपवासाच्या बटाट्याला जिरे आणि कोथिंबीर चालते, शेजारच्या घरी नेमकी कोथिंबीरच चालत नाही, आणि दोन्ही घरांना आपलेच शास्त्र बरोबर वाटते. श्राद्धपक्षाचा सोवळ्यातला स्वयंपाक आपण करतो की नाही, हेही याच भेटीत स्पष्ट सांगून टाकावे, म्हणजे पितृपक्षात ऐन वेळी नकार देण्याची पाळी येत नाही.

चवीचा अंदाज शब्दांत मिळत नाही. ‘मध्यम तिखट’ या दोन शब्दांचा अर्थ कोल्हापूरच्या माणसाला एक आणि सदाशिव पेठेतल्या माणसाला दुसरा वाटतो. मी त्यांच्या घरची आमटी वाटीभर चाखायला मागतो. तिच्यात गूळ किती, चिंच आहे की आमसूल, मसाला गोडा आहे की कांदा-खोबऱ्याचा, फोडणीत लसूण आहे का, हे एका घोटात कळते. लोकांना ही मागणी आधी विचित्र वाटते, पण नंतर तीच लक्षात राहते.

अ‍ॅलर्जीचा प्रश्न मात्र नेमका आणि लेखी विचारावा. मराठी स्वयंपाकात शेंगदाण्याचे कूट इतक्या पदार्थांत पडते की ते घातल्याचे करणाऱ्यालाही आठवत नाही. भाजीत, कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत, वांग्याच्या भरल्या मसाल्यात. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या घरी म्हणूनच मी माझा मिसळणाचा डबा उघडत नाही. त्यांचाच मसाला, त्यांचाच चमचा. गव्हाचे पथ्य असलेल्या घरी याहून बारीक गोष्ट अडचणीत आणते, ती म्हणजे हिंग. बाजारात मिळणारा बांधणी हिंग हा शुद्ध हिंग नसतो, त्यात डिंक आणि पीठ मिसळलेले असते, आणि ते पीठ बहुधा गव्हाचे असते. पोळी वगळली, रवा वगळला आणि फोडणीला चिमूटभर हिंग घातला की पथ्य मोडले. डबीवरचे घटक वाचून तांदळाच्या पिठाचा हिंग घ्यावा किंवा हिंगाशिवाय फोडणी करावी.

मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार अशी कारणे असतील तर डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेला तक्ता मागावा आणि त्यातले प्रमाण पाळावे. आपण सल्ला देऊ नये. ‘काका, एवढ्याने काही होत नाही’ हे वाक्य स्वयंपाक्याने उच्चारायचे नसते. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणारी मुले पुण्यातल्या आई-वडिलांसाठी हे काम ठरवतात, तिथे हा प्रश्न विशेष येतो: पैसे देणाऱ्याला मीठ कमी हवे असते आणि जेवणाऱ्याला लोणचे. अशा घरी पहिल्या बोलण्यात दोन्ही बाजूंना एकत्र घ्यावे, फोनवर का होईना.

तीन तास

कामाच्या दिवशी जाताच हात धुऊन फ्रिज पाहावा. दोन कप्पे आदल्या दिवशी रिकामे करून ठेवा असे मी आठवणीने कळवतो, कारण ठासून भरलेल्या फ्रिजमध्ये नवे डबे लवकर गार होत नाहीत. भिजवायचे कडधान्य त्या घरच्या माणसांनी रात्रीच भिजवलेले असावे. मोड आलेली मटकी हवी असेल तर निरोप दोन दिवस आधी द्यावा लागतो.

त्यानंतरचा क्रम असा ठेवावा की जे सर्वांत जास्त वेळ घेते ते सर्वांत आधी शेगडीवर चढेल. मोठ्या शेगडीवर कुकरमध्ये काळे वाटाणे किंवा छोले, दुसऱ्या शेगडीवर डाळ. त्या शिट्ट्या होईपर्यंत सगळ्या पदार्थांचा कांदा एकाच वेळी चिरून घ्यावा आणि मग टोमॅटो, आले-लसूण, कोथिंबीर असे करत जावे. प्रत्येक भाजीसाठी वेगळा कांदा चिरत बसणे ही घरगुती सवय आहे आणि ती तासाला दहा मिनिटे खाते. कांदा-खोबऱ्याचे वाटण एकदाच, मोठ्या प्रमाणात भाजून वाटावे. त्यातले निम्मे आजच्या उसळीला आणि निम्मे छोट्या डबीत फ्रीझरला. पालेभाजी सर्वांत शेवटी आणि झाकण न ठेवता, म्हणजे तिचा रंग तिसऱ्या दिवसापर्यंत टिकत नसला तरी दुसऱ्या दिवसापर्यंत बरा राहतो. कोशिंबिरीचे साहित्य चिरून कोरडे ठेवावे. दही, मीठ आणि फोडणी जेवायच्या वेळी घरच्यांनी घालावी.

प्रमाणाचा अंदाज माणशी ठरलेला असला की बाजार वाया जात नाही. एका जेवणाला माणशी ३० ग्रॅम सुकी डाळ आणि ४० ग्रॅम सुके कडधान्य मी धरतो. चार माणसांच्या घरी तीन वेळच्या आमटीला ३६० ग्रॅम डाळ झाली. मटण असेल तर हाडासकट माणशी १५० ते २०० ग्रॅम. एक किलो पिठाच्या मध्यम आकाराच्या ३५ ते ४० पोळ्या होतात, पण मी पोळ्या करत नाही. तेवढ्या पोळ्यांना चांगला तासभर जातो आणि दुसऱ्या दिवशी त्या पहिल्यासारख्या राहत नाहीत. ते काम मावशींचेच आहे आणि त्यांच्याकडेच राहू द्यावे. त्यांची नोकरी आपल्यामुळे जाणार नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी दिसले पाहिजे, नाहीतर आपले डबे फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ढकलले जातात, हे अनुभवाने सांगतो.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, ज्याकडे घरगुती सुगरणींचे आणि मुरलेल्या आचाऱ्यांचेही सारखेच दुर्लक्ष होते. आचारी गरम अन्न वाढतो आणि मोकळा होतो. आपले अन्न तीन दिवसांनी खाल्ले जाणार असते. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजलेले अन्न या पट्ट्यातून शक्य तितक्या लवकर खाली न्यावे आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे. मोठ्या पातेल्यातला रस्सा ओट्यावर ठेवला तर दोन तासांनीही मध्यभागी कोमट असतो. तोच पसरट भांड्यात ओतून, ते भांडे परातीतल्या गार पाण्यात ठेवले, बर्फाचे चार खडे पाण्यात टाकले आणि मधूनमधून ढवळले, तर अर्ध्या तासात भरण्याजोगा होतो. थर्मामीटर यासाठीच हवा. भात मी करून ठेवत नाही. तांदळावर असणाऱ्या बॅसिलस सेरेअस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात तसाच बाहेर राहिला की त्यातून विष तयार होते, जे पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. ताजा भात लावायला त्या घरच्यांना वीस मिनिटे लागतात.

फ्रिजमधले पदार्थ तीन दिवसांत संपवायचे, त्यापुढचे लागणार असेल तर पहिल्याच दिवशी फ्रीझरला. छोले, राजमा, काळ्या वाटाण्याची उसळ, कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही फ्रीझरमध्ये उत्तम राहतात. बटाट्याच्या फोडी मात्र रवाळ आणि पाणचट होतात, त्यामुळे रस्सा गोठवायचा असेल तर बटाटा वगळावा. प्रत्येक डब्यावर टेप लावून पदार्थाचे नाव, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावा आणि कसा गरम करावा हे लिहावे. ‘उकळी फुटेपर्यंत, एकदाच’ एवढे शब्द पुरतात. पावसाळ्यात वीज गेली आणि फ्रिज चार तास बंद राहिला तर काय टाकून द्यायचे, हेही एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावलेले बरे.

पैशाचा हिशेब

या व्यवसायात नवी माणसे सर्वांत जास्त फसतात ती इथे. समजा, तासाला ३५० रुपये सुटावेत अशी अपेक्षा आहे. स्वयंपाक तीन तासांचा, म्हणून १,०५० रुपये सांगितले. पण त्या तीन तासांसाठी पाऊण तास बाजार झाला, एक तास येण्याजाण्यात गेला आणि अर्धा तास मेनू, निरोप आणि हिशेब यांत. म्हणजे सव्वापाच तास. त्यातून पेट्रोलचे १०० आणि टेप, फडकी, साबण यांचे ६० वजा केले की हातात ८९० रुपये उरतात आणि तासाचा भाव १७० रुपयांवर येतो. ३५० च सुटायचे असतील तर त्याच कामाचे २,००० रुपये सांगितले पाहिजेत. आकडा ऐकून काही लोक फोन ठेवतील. त्यांना ठेवू द्यावा. घरे मात्र एकाच भागातली निवडावीत. हडपसरचे एक आणि बाणेरचे दुसरे घर एका दिवशी घेणे म्हणजे पुण्याच्या वाहतुकीला फुकट वेळ वाटणे आहे.

किराणा आणि भाजी यांचे पैसे आपल्या मेहनतान्यात कधीही मिसळू नयेत. घरच्यांनी आधी ठरावीक रक्कम द्यावी, आपण प्रत्येक खरेदीची पावती ठेवावी आणि उरलेले पैसे महिनाअखेर परत किंवा पुढे ओढावेत. मंडईत भाजीची पावती मिळत नाही, तिथे त्याच दिवशी फोनवर यादी आणि भाव पाठवून द्यावेत. भाववाढीचा भुर्दंड त्यामुळे आपल्यावर येत नाही आणि संशयालाही जागा राहत नाही.

वर्षाचे ५२ आठवडे धरून उत्पन्नाचा अंदाज बांधू नये. मे महिन्यात माणसे गावी जातात, गणपतीत कोकणात, दिवाळीत कुठेतरी. मी ४४ आठवडे धरतो. आठवड्याला आठ भेटी धरल्या तर वर्षाच्या ३५२ होतात. महिन्याचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला घ्यावेत, भेट रद्द करायची तर ४८ तास आधी कळवावे, आणि त्यानंतर रद्द केल्यास निम्मे पैसे लागू होतील, असे एका पानावर लिहून दोघांनी सही करावी. ओळखीच्या माणसांकडून सही घेताना संकोच वाटतो. तरी घ्यावी, कारण वाद नेमके ओळखीतच होतात.

कागदपत्रे

अन्नसुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ मध्ये ‘अन्न व्यवसाय’ या संज्ञेत केटरिंग आणि अन्नसेवाही येतात. आपल्या घरी करून डबे पोहोचवणार असाल किंवा घरगुती समारंभाचे जेवण करणार असाल तर नोंदणीला पर्याय नाही. फक्त गिऱ्हाईकाच्या घरी करणार असाल तरी ती करून ठेवावी. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस या पोर्टलवर अर्ज होतो, छोट्या उलाढालीला परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते, तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये आहे, आणि मिळणारा १४ अंकी क्रमांक बिलावर छापता येतो. फॉस्टॅक हे अन्नसुरक्षेचे अल्पमुदतीचे प्रशिक्षणही करावे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधारवर, विनाशुल्क होते. बँकेत चालू खाते उघडताना तिचा उपयोग होतो. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली तर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी लागते, पण एकट्याच्या दोन हातांनी तिथवर पोहोचणे अवघड आहे. वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस यांचे कागद जवळ असावेत. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र मी मागणी होण्याआधीच काढले. अनोळखी पुरुषाला स्वयंपाकघरात घेताना घरातल्या बाईला जो प्रश्न पडतो, तो तिने विचारावा याची वाट पाहण्यात शहाणपण नाही.

घरे मिळवणे आणि सोडणे

जाहिरातीवर सुरुवातीला खर्च करू नये. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका समाधानी घराने लिहिलेल्या दोन ओळी छापील पत्रकापेक्षा जास्त काम करतात. आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांना भेटून काम समजावून सांगावे. बाळंतिणीच्या घरची मागणी मोठी आणि वेळेची असते; अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, बाजरी हे येत असेल तर सव्वा महिन्याचे काम एकदम मिळते आणि ते घर पुढेही टिकते. पहिल्या वर्षी ‘सगळे करतो’ असे सांगू नये. थाय, इटालियन, मोगलाई अशी यादी छापणाऱ्यापेक्षा ‘वयस्कांचे कमी मिठाचे मराठी जेवण’ एवढेच सांगणारा लोकांच्या लक्षात राहतो.

प्रत्येक घराचे एक पान असावे. काय केले, किती उरले, कोणता डबा तसाच परत मिळाला, नातू आला होता म्हणून तिखट कमी केले, असे सगळे त्यात यावे. तीन आठवडे दोडक्याची भाजी उरत असेल तर ती आवडत नाही हे कोणी तोंडाने सांगणार नाही, पान सांगते. मदतनीस ठेवायची वेळ आली की हीच वही त्याच्या हाती द्यायची असते, त्यामुळे ती दुसऱ्याला वाचता येईल अशा अक्षरात लिहावी.

काही घरे सोडावीही लागतात. पैसे दर महिन्याला उशिरा येत असतील, ठरलेल्या पाच पदार्थांचे हळूहळू आठ झाले असतील, किंवा भाचीच्या वाढदिवसाची पाव-भाजीची वीस ताटे ‘जाता जाता’ मागितली जात असतील, तर आधी एकदा लिहून कळवावे आणि मग महिन्याची सूचना देऊन थांबावे. शेवटच्या दिवशी फ्रीझरमध्ये काय शिल्लक आहे आणि कधीपर्यंत चालेल याची यादी द्यावी, पथ्याचा तक्ता परत करावा, किराण्याचे उरलेले पैसे चुकते करावेत, आणि घराची किल्ली घरच्या माणसाच्या हातात देऊन ती मिळाल्याचा एका ओळीचा संदेश तिथेच उभे राहून मागून घ्यावा.